जोडीने जिओकॅशिंग: शेवटचे दहा मीटर कोणाचे?

पत्र (संक्षिप्त)

आम्ही दोघे दोन वर्षांपूर्वी पुण्याहून सिअ‍ॅटलजवळच्या रेडमंडला आलो. मला अजून नोकरीची परवानगी नाही, त्यामुळे आठवडाभर घरी असते आणि शनिवार-रविवारची वाट पाहते. गेल्या वर्षी ऑफिसातल्या मित्रामुळे माझ्या नवऱ्याला जिओकॅशिंगचा, म्हणजे फोनवर दिलेल्या अक्षांश-रेखांशांवरून कोणीतरी लपवलेली डबी शोधून आतल्या वहीत नाव लिहिण्याच्या खेळाचा, छंद लागला. आता दर शनिवारी तो फोनमध्ये पाहत पुढे आणि मी मागे, असे आम्ही चालतो. मी पोहोचेपर्यंत त्याला डबी सापडलेली असते, तो नाव लिहितो आणि “चल, पुढची” म्हणतो. कितीतरी डब्या तर दुकानांच्या पार्किंगमधल्या दिव्याच्या खांबाखाली असतात, आणि तिथे वाकून काही शोधताना लोक बघतात याचा मला संकोच वाटतो. एकदाच मजा आली होती. जंगलात तो वाट चुकून पुढे गेला होता आणि बुंध्याच्या पोकळीतली डबी मला दिसली. आतल्या वहीत किती वर्षांपूर्वीच्या लोकांनी लिहिलेले होते! पण गेल्या महिन्यात मी यायचे बंद केले. तो आता एकटा जातो आणि हिरमुसून परत येतो. मला चालायला आवडते, कोडी सोडवायला आवडतात, त्याच्यासोबत वेळ घालवायला तर आवडतोच. हा छंद मुळात दोघांचा होऊ शकतो का? लोकांच्या नजरांचे काय करायचे? आणि डिसेंबरमध्ये पुण्याला गेल्यावर तो तिथेही हेच करायचे म्हणतो आहे, ते कितपत जमेल?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातच तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे. ज्या एका दिवशी डबी तुम्हाला दिसली, त्या दिवशी तुम्हाला मजा आली. बाकीच्या दिवशी तुम्ही केवळ सोबत होतात. तुम्हाला हा छंद आवडत नाही असे मला अजिबात वाटत नाही. तुम्हाला तो अजून करायलाच मिळालेला नाही. शोधणे हा या खेळाचा गाभा आहे, आणि तो गाभा दर शनिवारी एकाच माणसाच्या वाट्याला जातो आहे. हे बदलता येते, आणि त्यासाठी तुमच्या पतीने छंद सोडण्याची किंवा तुम्ही मन मारून जाण्याची गरज नाही.

हा खेळ कसा सुरू झाला ते थोडक्यात सांगते, कारण तुमची अडचण नेमकी कुठे आहे ते त्यातून कळते. उपग्रहांवरून ठिकाण सांगणाऱ्या जीपीएसच्या नागरी वापरासाठीच्या संकेतांत अमेरिकी सरकार पूर्वी मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे सामान्य माणसाच्या यंत्राला शंभर मीटरपर्यंतचा फरक पडू शकत असे. १ मे २००० रोजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ही चूक काढून टाकल्याचे जाहीर केले आणि त्याच रात्री सगळी यंत्रे एकदम कितीतरी अचूक झाली. दोनच दिवसांनी, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थांनी तुमच्या शेजारच्या ऑरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळच्या रानात एक बादली लपवली, तिच्यात वही, पेन्सिल आणि काही किरकोळ वस्तू ठेवल्या आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. काही घ्या, काही ठेवा, वहीत नोंद करा, एवढाच नियम. पुढे त्याच वर्षी या खेळाचे मुख्य संकेतस्थळ सुरू झाले आणि आज त्याचे कार्यालय सिअ‍ॅटलच्या फ्रीमाँट भागात, म्हणजे तुमच्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर आहे. जगभरात आज तीस लाखांहून अधिक डब्या लपवलेल्या आहेत.

यंत्र अचूक झाले, पण ते माणसाला डबीपर्यंत नेत नाही, डबीच्या आसपास नेते. मोकळ्या आकाशाखाली फोनचा अंदाज साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर येतो. तुमच्याकडच्या डग्लस फर आणि सीडरच्या उंच झाडांच्या दाट छायेत तो आणखी भरकटतो. शिवाय ज्याने डबी लपवली त्याच्या यंत्राचीही चूक त्यात मिळालेली असते. म्हणून शेवटच्या आठ-दहा मीटरच्या वर्तुळात यंत्राचे काम संपते आणि डोळ्यांचे, हातांचे, तर्काचे काम सुरू होते. खेळ तिथे आहे. गाडी चालवणे, पायवाट धरणे हे सगळे त्या वर्तुळापर्यंत पोहोचण्यासाठी असते, आणि तुम्ही मात्र त्या वर्तुळाच्या बाहेर थांबून राहिला आहात.

तेव्हा पहिली गोष्ट अशी की फोन तुमच्या हातात आला पाहिजे. एक शनिवार पूर्णपणे तुमचा ठरवा. कोणती डबी शोधायची हे तुम्ही निवडायचे, वाट तुम्ही काढायची आणि तुमच्या पतीने फोन खिशात ठेवून तुमच्या मागे चालायचे. मागे चालणे म्हणजे काय हे त्यांना एकदा कळले की बरेच काही न बोलता सुटेल. डबी दहा मीटरांवर आली की तुम्हीही फोन बाजूला ठेवा, कारण त्या अंतरावर बाण गोल गोल फिरू लागतो आणि नवखा माणूस त्या बाणाच्या मागे झुडपांत चकरा मारत बसतो. त्याऐवजी थोडे आधीच पतीनेही फोन बाहेर काढावा आणि दोघांनी दोन वेगळ्या बाजूंनी त्या जागेकडे यावे. आपापल्या फोनने दाखवलेल्या दिशेची सरळ रेघ मनात धरावी आणि दोन्ही रेघा जिथे छेदतील तिथून शोध सुरू करावा. एकट्या माणसाला यासाठी दोनदा चालावे लागते, जोडीला एकदाच. फोनवरचा अक्षांश पाहायचा असेल तर एवढे ध्यानात ठेवा की मिनिटाच्या तिसऱ्या दशांश स्थळावरचा एक अंक म्हणजे जमिनीवर सुमारे १.८५ मीटर, म्हणजे दोन-तीन अंकांचा फरक दिसत असेल तर तुम्ही पोहोचलेल्याच आहात.

आणि मग नीट पाहा. तुमच्या भागातल्या जंगलात जमीन नेच्यांनी झाकलेली असते, पडलेल्या ओंडक्यांवर हिरवे शेवाळ चढलेले असते, आणि या सगळ्या आपसूक पसाऱ्यात माणसाच्या हाताने ठेवलेली गोष्ट वेगळी उठून दिसते. झाडावरून पडलेल्या काटक्या एकमेकींना समांतर पडत नाहीत. बुंध्याच्या तोंडाशी पाच-सहा काटक्या एका दिशेने रचलेल्या दिसल्या, तर त्या कोणीतरी रचलेल्या असतात. सालीचा तुकडा उलटा पडलेला, शेवाळाचा एकच चौकोन बाकीच्यापेक्षा कोरडा आणि तपकिरी पडलेला, दगडाखालची माती त्याच्या कडेपासून किंचित सुटलेली, अशा खुणा दिसू लागल्या की सगळे रानच वेगळे दिसू लागते. मला या छंदातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. ही नजर शिकवून येत नाही. स्वतः चुकत, हाताने पाने बाजूला करत, दहा मिनिटे काहीच न सापडता उभे राहून ती येते. तुमच्या पतीला डबी लवकर सापडते ती त्यांच्याकडे ही नजर आली आहे म्हणून, तुम्ही मंद आहात म्हणून नव्हे.

त्यांनी एक गोष्ट शिकली पाहिजे, आणि ती या छंदातल्या अनेक जोड्या आणि मित्रमंडळी पाळतात. ज्याला डबी आधी दिसेल त्याने “सापडली” म्हणायचे नाही. हात लावायचा नाही, तिच्याकडे टक लावून पाहायचेही नाही. शोधण्याचे नाटक करत आणखी दोन-चार पावले पुढे जायचे, मग एखाद्या ओंडक्यावर निवांत बसायचे. बसलेला माणूस दिसला की दुसऱ्याला कळते की ती इथेच कुठेतरी आहे, पण कुठे ते त्याचे त्यालाच शोधावे लागते. दोघांनाही दिसली की मगच डबी उघडायची. हा एवढासा नियम पाळायला सुरुवातीला तुमच्या पतीला जड जाईल, कारण सापडल्याचा आनंद लगेच सांगावासा वाटतो. पण तुमच्या चेहऱ्यावर तो क्षण उमटताना पाहण्यातही आनंद आहे, आणि तो त्यांना एकटे जाऊन मिळत नाही. ते हिरमुसून परत येतात असे तुम्ही लिहिले आहे, त्यावरून मला वाटते की ही गोष्ट त्यांना अर्धीमुर्धी जाणवलेली आहे.

मात्र हे त्यांना सांगावे लागेल, आणि कसे सांगता याला महत्त्व आहे. “तुझा छंद कंटाळवाणा आहे” असे ऐकले की माणूस छंदाची बाजू घेऊन बोलू लागतो. “मला शोधायला मिळत नाही, म्हणून मी येत नव्हते, मला शोधायचे आहे” असे सांगा. हे खरेही आहे. शिवाय हे जंगलात उभे राहून, पाऊस लागत असताना सांगू नका. आदल्या रात्री जेवताना सांगा.

आता डब्यांच्या निवडीविषयी. पार्किंगमधल्या खांबाच्या बुडाशी असलेले पत्र्याचे आवरण वर उचलायचे, आत फिल्मच्या रिळाची डबी असते, तिच्यातल्या कागदाच्या सुरळीवर सही करायची आणि निघायचे, हा प्रकार अमेरिकेत फार बोकाळला आहे. त्यात शोध नाही, जागेला काही रूप नाही. आकडा वाढवायला तो सोयीचा असतो, आणि तुमच्या पतीला आकड्याची आवड असेल तर त्यांनी ऑफिसातून येताना खुशाल अशा डब्या शोधाव्यात. तुमच्या शनिवारात त्यांना जागा असू नये. दोघांचा छंद म्हणजे त्यातले सगळेच दोघांनी करायचे असे नसते. त्यांच्या काही डब्या त्यांच्याच राहू द्या, तुम्ही त्या दिवशी घरी किंवा ग्रंथालयात आनंदाने थांबा, आणि त्याबद्दल कोणी कोणावर रुसू नये.

प्रत्येक डबीच्या पानावर दोन आकडे असतात, शोध किती अवघड आणि वाट किती अवघड, दोन्ही एक ते पाच. तुमच्यासारख्या चालायची आवड असलेल्या आणि शोधात नवख्या असलेल्या माणसाने शोधाचा आकडा दोनच्या आत आणि वाटेचा दोन-तीनच्या आसपास निवडावा, आकाराने छोटी किंवा मध्यम डबी घ्यावी, नखाएवढी नको. अलीकडच्या लोकांनी काय लिहिले आहे ते वाचावे. शेवटच्या चार-पाच जणांना सापडलेली नसेल तर ती बहुधा जागेवर नसते, आणि अशा डबीवर तुमचा पहिला शनिवार घालवण्यात अर्थ नाही. पानावर एक सूचक ओळ असते, इंग्रजी वर्णमालेतली अक्षरे तेरा घरे पुढे सरकवून लिहिलेली. ती उघडायची की नाही हे दोघांच्या संमतीने ठरवा.

तुम्हाला कोडी आवडतात हे वाचून मला फार बरे वाटले, कारण या छंदाचा एक अख्खा विभाग तुमची वाट पाहतो आहे आणि तुमचे पती तिकडे फारसे फिरकलेले दिसत नाहीत. मिस्टरी प्रकारात नकाशावर दाखवलेली जागा खोटी असते. खरे अक्षांश-रेखांश एखाद्या कोड्यात दडवलेले असतात. कधी सांकेतिक लिपी, कधी सुडोकू, कधी चित्रात लपलेले आकडे, कधी एखाद्या विषयाचा अभ्यासच. खरी जागा त्या खोट्या जागेपासून बहुतेक वेळा तीन-सव्वातीन किलोमीटरच्या आत असते. ही कोडी घरी बसून सोडवायची असतात. तुम्ही आठवडाभर घरी असता हे तुम्ही खंत म्हणून लिहिले आहे. मंगळवारी दुपारी एखादे कोडे हाती घ्या, गुरुवारी अडलात तर रात्री दोघे मिळून त्यावर डोके लढवा, आणि शनिवारी तुम्ही काढलेल्या जागेवर तुमच्या पतीला घेऊन जा. तेव्हा पुढे कोण आणि मागे कोण हा प्रश्न आपोआप मिटलेला असेल.

अर्थकॅश नावाचा आणखी एक प्रकार आहे, २००४ साली अमेरिकेच्या भूविज्ञान संस्थेच्या सहभागाने सुरू झालेला. त्यात डबीच नसते. एखादा खडक, धबधबा, नदीने कापलेला काठ अशा ठिकाणी जायचे, तिथे नीट पाहून, मोजून काही प्रश्नांची उत्तरे द्यायची. तुमचा सगळा परिसर हिमयुगात जाड बर्फाखाली होता आणि त्या बर्फाने दुरून वाहून आणलेल्या प्रचंड शिळा सिअ‍ॅटलच्या वस्तीतही दिसतात. अशा जागी दोन माणसांनी एकत्र पाहणे एकट्याच्या पाहण्यापेक्षा निश्चितच चांगले, कारण एकाला रंग दिसतो तेव्हा दुसऱ्याला थर दिसतात.

खाते एक असावे की दोन, हे तुम्ही विचारलेले नाही, पण मी सांगते. पुष्कळ जोडपी एकच नाव घेऊन खेळतात. तुमच्या बाबतीत मी दोन खाती सुचवीन. तुमच्या पतीच्या खात्यावर आधीच शेकडो नोंदी असतील. त्यात मिसळलात तर तुमची पहिली डबी त्यांची कितवी तरी होऊन जाईल. खाते उघडायला पैसे पडत नाहीत, आणि पैसे भरून मिळणाऱ्या सदस्यत्वाची सुरुवातीला गरज नसते. वहीत मात्र दोघांची नावे शेजारी शेजारी लिहा. घरी आल्यावर आपापल्या खात्यावर दोन-तीन ओळींची नोंद लिहा, केवळ “सापडली, आभार” एवढेच नको. ज्याने डबी लपवली त्याला लोकांच्या नोंदींखेरीज दुसरा मोबदला नसतो. सापडली नाही तर तसेही लिहावे. त्यामुळे डबी हरवली असल्यास मालकाला कळते.

लोकांच्या नजरांविषयी. परक्या देशात, वेगळ्या वर्णाच्या माणसाला झुडपात वाकून काही शोधताना जो संकोच वाटतो तो खोटा नाही, आणि तो हसण्यावारी नेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. पण गर्दीच्या डब्या सोडून दिल्यात की निम्मा प्रश्न सुटतो. उरलेला सोबतीने सुटतो, कारण एकट्या पुरुषापेक्षा बोलत उभे असलेले जोडपे कोणाला खटकत नाही. एकाने फोटो काढल्यासारखे उभे राहावे, दुसऱ्याने बाकाखाली हात घालावा. शाळा, मुलांच्या खेळण्याच्या जागा आणि कोणाच्या घराच्या कुंपणाजवळच्या डब्या टाळा. अंधार पडल्यावर शोधू नका, आणि डिसेंबरात तुमच्याकडे साडेचारच्या आधीच सूर्य मावळतो हे ध्यानात असू द्या. कोणी विचारले, पोलिसांनी विचारले तरी, लपवू नका. फोनवरचे पान दाखवून हा खेळ आहे असे सरळ सांगा. एखाद्या जागी मन मानत नसेल तर न शोधता परत या, आणि हा निर्णय दोघांपैकी कोणीही एकाने घेतला तरी दुसऱ्याने तो मानावा, असे आधीच ठरवून ठेवा.

तुम्ही एकट्या पडला आहात हे पत्रात ओळींच्या मध्ये वाचायला मिळाले. या छंदातले लोक अधूनमधून ठरलेल्या जागी जमतात, कधी कॉफीवर, कधी एखाद्या बागेतला कचरा गोळा करायला. कचरा गोळा करण्याचा कार्यक्रम मी विशेष सुचवते. हातात पिशवी आणि समोर काम असले की अनोळखी माणसांशी बोलणे सोपे जाते.

उन्हाळ्यासाठी एक बेत सुचवते, कारण जगभरचे लोक विमानाने ज्यासाठी तुमच्याकडे येतात ते तुमच्या अंगणात आहे. फ्रीमाँटच्या कार्यालयातली पेटी, तिथे भेटीची वेळ आधी ठरवून जावे लागते. स्नोक्वाल्मी खिंडीतल्या जुन्या रेल्वे बोगद्याजवळची, २००१ साली पहिल्यांदा लपवलेली सुप्रसिद्ध डबी. बोगदा सुमारे पावणेचार किलोमीटर लांब, आत मिट्ट काळोख आणि भर उन्हाळ्यात अंगात जाकीट लागेल असा गारठा, त्यामुळे प्रत्येकाची स्वतंत्र विजेरी हवीच. हिवाळ्यात तो बंद असतो. आणि तिसरी, ऑरेगनमधली ती पहिल्या बादलीची जागा, जिथे आता फलक आहे. तिथे गाडीने साडेतीन-चार तास लागतात, तेव्हा मुक्कामाने जा.

शेवटी पुण्याविषयी. महाराष्ट्रात डब्या आहेत, पण फार तुरळक, आणि त्यांतल्या काहींकडे बराच काळ कोणी फिरकलेले नसते. म्हणून निघण्यापूर्वीच शेवटची नोंद केव्हाची आहे ते पाहून दोन-तीन निवडून ठेवा. स्वतः तिथे डबी लपवण्याचा मोह तुमच्या पतीला होईल, तो आवरावा. डबीची देखभाल करणारा माणूस जवळपास असावा लागतो, आणि सुट्टीवर आलेल्याने लपवून परत गेलेली डबी संकेतस्थळावरचे तपासनीस सहसा मंजूर करत नाहीत. संरक्षित किल्ल्यांच्या तटबंदीत तर चिरा हलवून काहीही ठेवू नये. आणि जंगलात नेण्यासाठी उपग्रहावरून संदेश पाठवणारे उपकरण त्यांनी घेतले असेल, तर ते रेडमंडलाच राहू द्या. परवानगीशिवाय अशी उपकरणे भारतात नेता येत नाहीत आणि त्यावरून प्रवाशांना विमानतळावर ताब्यात घेतल्याच्या घटना घडलेल्या आहेत. फोन पुरेसा आहे. डबी सापडली नाही तर नोंद करा, आणि ज्या गडावर तुम्ही दोघे लग्नाआधी गेला असाल तिथे त्या दिवशी कोणतेही अक्षांश-रेखांश न घेता जाऊन या.